खरूज, उवा, गजकर्ण, जंत: दुसऱ्या तारखेपर्यंत काम संपत नाही

रात्री दिवे मालवले, मुलं अंथरुणावर पडली, की थोड्याच वेळात खाजवण्याचा आवाज सुरू होतो. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात नव्याने रुजू झालेल्या अधीक्षकांनी पहिल्याच आठवड्यात रात्री दहाच्या सुमाराला खोल्यांमधून एक फेरी मारावी आणि हा आवाज ऐकावा. दिवसा रांगेत उभं करून "कोणाला खाज येते?" असं विचारलं तर एकही हात वर होत नाही. मुलांना लाज वाटते आणि घरी पाठवतील अशी भीतीही असते. घरात एकच मूल असेल तरी पद्धत तीच: मूल झोपल्यावर अर्धा तास त्याच्याकडे लक्ष ठेवा.

खरूज, उवा, गजकर्ण, पुवाळलेल्या पुळ्या आणि जंत या मुलांमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या नेहमीच्या तक्रारी. त्यांतल्या खरूज, उवा आणि सुतकृमी (रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे दोऱ्यासारखे जंत) या तिघांच्या उपचारात दोनच चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, ज्याला त्रास होतो त्या एकालाच औषध दिलं जातं. दुसरी, औषध एकदाच दिलं जातं. औषध जिवंत किडा मारतं, पण सगळी अंडी मेली याची खात्री नसते. राहिलेली अंडी काही दिवसांनी फुटतात, आणि त्यातून निघालेली पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत त्यांना गाठावं लागतं. म्हणून दुसरा डोस. तो खरजेसाठी ७ दिवसांनी, उवांसाठी नवव्या दिवशी आणि सुतकृमींसाठी २ आठवड्यांनी. पहिला डोस दिला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसऱ्या तारखेला गोल करा. खाज थांबली, आता कशाला, असं वाटेल. तरी तारीख सोडू नका.

खरूज

खरूज होते ती आठ पायांच्या एका सूक्ष्म किड्यामुळे. मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटरची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. ती कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. खाज किडा चावल्याने येत नाही. किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची शरीराला ॲलर्जी येते, तिची ती खाज असते. पहिल्यांदा खरूज झालेल्या मुलाला ही ॲलर्जी तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढा काळ मूल दिसायला ठणठणीत असतं आणि शेजारी झोपणाऱ्याला खरूज देत असतं. आधी होऊन गेलेली असेल तर मात्र एक ते चार दिवसांतच खाज सुटते.

वसतिगृहात याचा अर्थ असा की दिवाळीच्या सुट्टीहून मुलं परतली त्या दिवशी केलेली तपासणी पुरेशी नसते. तेव्हा एकदा तपासा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. नेहमीच्या खरजेत एका माणसाच्या अंगावर किडे असतात साधारण दहा-पंधराच. रोज आंघोळ करणाऱ्या मुलालाही ते होतात, कारण बोगद्यातला किडा साबणपाण्याने मरत नाही. खरूज झालेल्या मुलाला "घाणेरडा" म्हणणं चूक आहे. त्याचा तोटाही होतो, कारण मग पुढचं मूल खाज लपवतं.

तपासणी चांगल्या उजेडात करा. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, कोपर, काख, बेंबीभोवती, कमरेवर जिथे चड्डीचं इलॅस्टिक किंवा करगोटा बसतो तिथे, ढुंगणावर आणि मुलग्यांच्या लिंगावर बारीक लाल पुटकुळ्या दिसतात. नीट पाहिलं तर एखादी करडी, नागमोडी, ५ ते १० मिलिमीटरची रेघ सापडते. तोच बोगदा. शंका असेल तर शाईच्या पेनाने त्या जागेवर शाई लावून लगेच ओल्या फडक्याने पुसा. बोगदा असेल तर शाई आत शिरून रेघ उमटते. तान्ह्या बाळांत चित्र वेगळं असतं. त्यांच्या तळहातांवर, तळपायांवर, टाळूवर आणि चेहऱ्यावरही पुटकुळ्या येतात, म्हणून बरेचदा घामोळं समजून सोडून दिलं जातं. घामोळं रात्रीच वाढत नाही आणि घरातल्या सगळ्यांना एकदम होत नाही. रात्री वाढणारी खाज आणि घरात किंवा खोलीत आणखी कोणाला तरी तीच खाज, एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होतं.

औषध आहे ५ टक्के परमेथ्रिन क्रीम. ते २ महिन्यांवरील बाळांना चालतं. मात्रा वयाप्रमाणे साधारण अशी लागते: २ महिने ते १ वर्ष, सुमारे ४ ग्रॅमपर्यंत, १ ते ५ वर्षं, ७.५ ग्रॅमपर्यंत, ५ ते १२ वर्षं, १५ ग्रॅमपर्यंत, १२ वर्षांवरील आणि मोठी माणसं, ३० ग्रॅम. वसतिगृहात ८ ते १२ वयाची ६० मुलं असतील तर एका वेळेला ९०० ग्रॅम म्हणजे ३० ग्रॅमच्या ३० ट्यूब, आणि दोन वेळांच्या ६०. शिवाय मुलांसोबत राहणारे कर्मचारी, स्वयंपाकी आणि कामाठी यांच्यासाठी दर माणशी दोन. एवढ्या ट्यूब हातात आल्याशिवाय सुरुवात करू नका. अर्ध्या मुलांना आज आणि अर्ध्यांना पुढच्या सोमवारी लावलं तर सोमवारपर्यंत पहिल्या अर्ध्यांना पुन्हा लागण झालेली असते.

लावायची पद्धत:

१. दुपारी सगळ्यांची नखं कापा. नखांखाली किडे आणि अंडी राहतात.

२. आंघोळ घालायची तर आधी घाला आणि अंग पूर्ण कोरडं, थंड होऊ द्या. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच लावलं तर औषध कातडीवर राहण्याऐवजी जास्त प्रमाणात रक्तात शिरतं.

३. करगोटा, मनगटावरचे दोरे, ताईत, बांगड्या, अंगठ्या काढा. श्रद्धेपोटी काढायचा नसेल तर करगोटा वर-खाली सरकवून खालच्या कातडीला औषध लावा आणि दोऱ्यालाही चोळा. ही जागा वगळल्याने वाया गेलेले उपचार पुष्कळ आहेत.

४. जेवणं उरकल्यावर हनुवटीपासून तळपायांपर्यंत सगळीकडे पातळ थर चोळा. जिथे पुटकुळ्या आहेत तिथेच नव्हे, सगळीकडे. कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, जांघेत, ढुंगणाच्या फटीत, पायांच्या बोटांमध्ये, नखांखाली. पाठीला दुसऱ्या कोणीतरी लावायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलांना टाळू, कपाळ आणि गालांनाही लावा, फक्त डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती नको.

५. रात्री हात धुतले किंवा बाळाची लंगोट बदलली तर तिथे परत लावा. हात चोखणाऱ्या बाळाला हातमोजे घाला. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्याआधी स्तन धुवावेत आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावावं.

६. आठ ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी, आंघोळ आणि धुतलेले कपडे.

७. सात दिवसांनी हेच सगळं पुन्हा, त्याच सगळ्यांना.

खाज नसलेल्यांनाही लावायचं, हे समजावताना सर्वांत जास्त शक्ती खर्च होते. घरातले आजोबा "मला काही झालेलं नाही" म्हणतात आणि महिन्याभराने नातवाला पुन्हा खरूज होते. वर सांगितलेले ४ ते ६ आठवडे त्यांना समजावून सांगा.

कपड्यांचं काम त्याच सकाळी. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल कडक गरम पाण्यात, निदान ५० अंशांच्या वर, भिजवून धुवा आणि उन्हात वाळवा. गोधड्या, वाकळा, स्वेटर, गाद्या धुता येत नाहीत. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो, मात्र थंड आणि दमट हवेत थोडा जास्त टिकतो. म्हणून गोधड्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. उन्हाळ्यात कडक उन्हात उलटसुलट घातल्या तरी भागतं. भिंतींवर, फरशीवर औषध फवारायची गरज नाही. खरूज मुख्यतः अंगाला अंग लागून पसरते. शक्ती तिथेच खर्च करा.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते. किडे मेले तरी त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि ॲलर्जी लगेच जात नाही. या काळात रोज रोज परमेथ्रिन चोळत राहू नका. त्याने कातडी कोरडी पडून आणखी खाज सुटते. खोबरेल तेल किंवा कॅलामाइन लावा, झोपच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून खाजेचं औषध द्या. काख, जांघ आणि लिंगावरच्या गाठी तर काही महिनेही राहतात. दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी नव्या पुटकुळ्या किंवा नवे बोगदे दिसले तर मात्र काहीतरी राहिलं असं समजा: कोणाला तरी लावलंच नव्हतं, बेचक्या सुटल्या, किंवा रात्री नऊला लावून बाराला धुतलं. हे सगळं नीट होऊनही जात नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. परमेथ्रिनला दाद न देणारी खरूजही आता आढळते.

मोठ्या वसतिगृहात डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सुचवू शकतात. त्या वजनावर ठरतात, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम; ३० किलोच्या मुलाला ६ मिलिग्रॅम, आणि दुसरा डोस ७ ते १४ दिवसांनी. १५ किलोखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या देत नाहीत. म्हणून आधी वजनकाटा आणा, मग गोळ्या. दोन महिन्यांखालच्या बाळाला गंधकाचं मलम देतात, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच. गामा बेंझिन हेक्साक्लोराइड असं लिहिलेलं जुन्या पद्धतीचं लोशन कुठे मिळालं तर मुलांना लावू नका. ते कातडीतून शिरून मेंदूवर परिणाम करतं आणि झटके येऊ शकतात. बेंझिल बेंझोएट औषध म्हणून खरं आहे, पण लहानांना फार झोंबतं आणि पातळ करून द्यावं लागतं.

कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायला हरकत नाही, मुलाला बरंही वाटतं. पण तो उपचार धरू नका. खोबरेल तेलात कापूर घालून बाळाच्या अंगाला चोळणं मात्र थांबवा. कापूर कातडीतून आणि पोटातून शिरतो आणि लहान मुलांना त्याने आकडी येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. साधी खाज म्हणून सोडून द्यायचा हा आजार नाही, तो का हे पुढच्या भागात येतं.

पुवाळलेल्या पुळ्या

खाजवून कातडी फाटली की तिथे जंतू शिरतात. नाकाखाली, ओठांभोवती, हातापायांवर आधी छोटे फोड येतात, ते फुटून मधाच्या रंगाची खपली धरते. डॉक्टर याला इंपेटिगो म्हणतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं, आणि एका टॉवेलने चार मुलांची तोंडं पुसली की चौघांना होतं.

कोमट पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून पाच-दहा मिनिटं खपलीवर ठेवा, ती मऊ झाली की साबणाने हलकेच काढा, आणि खालच्या ओल्या जागेवर डॉक्टरांनी दिलेलं म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम दिवसातून दोन-तीन वेळा, पाच ते सात दिवस लावा. वाळलेल्या खपलीवर मलम थापल्याने ते आत पोचतच नाही. पुळ्या बऱ्याच असतील, ताप असेल किंवा गाठी सुजल्या असतील तर पोटातून प्रतिजैविक लागतं. उपचार सुरू होऊन २४ ते ४८ तास होईपर्यंत मूल इतरांपासून वेगळं झोपवा. खाली खरूज असेल तर तिचा उपचारही सोबतच करा, नाहीतर पुळ्या परत येतात.

यानंतरची खूण प्रत्येक अधीक्षकाला आणि आईवडिलांना पाठ हवी. यातल्या एका प्रकारच्या जंतूंमुळे, पुळ्या बऱ्या झाल्यावर एक ते सहा आठवड्यांत मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी आणि चहासारखी किंवा कोलासारखी गडद. हे दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात. खरजेकडे दुर्लक्ष करू नका असं म्हणतो ते यासाठी.

उवा

उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, पाळीव प्राण्यांवरून येत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी. अंडी, म्हणजे लिखा, केसाच्या मुळाशी गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेली असतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूपासून एक सेंटिमीटरहून लांब दिसणारी लीख बहुधा रिकामं टरफल असतं. लिखा दिसल्या की पुन्हा औषध, असं करू नका. चालती ऊ दिसली तरच औषध. कोंडा आणि लीख यांचा फरक बोटांनी कळतो: कोंडा झटकला की पडतो, लीख केसावरून नखाने ओढून काढावी लागते.

फणी हे इथलं खरं हत्यार आहे, आणि आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. बारीक, दाट दातांची फणी, शक्यतो धातूची. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावा. त्याने उवांची हालचाल मंदावते आणि फणी अडकत नाही. आधी साध्या कंगव्याने गुंता काढा. मांडीवर पांढरं कापड घ्या. केसांचे बोटभर रुंदीचे भाग करून फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढा, दर वेळी कापडावर पुसा. कानांमागे आणि मानेवर जास्त वेळ द्या, उवा तिथेच जास्त असतात. लांब दाट केसांना अर्धा तास लागतो. घाईत दहा मिनिटांत उरकलेल्या डोक्यात उवा राहतातच. दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे असं केलं, तर नुसत्या फणीनेही उवा जाऊ शकतात. शेवटच्या दोन-तीन वेळा कापडावर एकही ऊ आली नाही की काम झालं.

औषध वापरायचं तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन. उवांसाठी खरजेचं ५ टक्क्यांचं क्रीम डोक्याला चोळू नका. केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपून ओलसर ठेवा. टाळू, कानांमागचा भाग आणि मान पूर्ण भिजेल इतकं लोशन लावा, घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा, धुवून टाका. नंतर फणी. पुढचे दोन दिवस शाम्पू नको. नवव्या दिवशी पुन्हा. औषध सर्वांना लागत नाही, पण घरातल्या किंवा खोलीतल्या प्रत्येकाचं डोकं त्याच दिवशी फणीने तपासायचं, आणि ज्यांच्यात ऊ सापडेल त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध.

डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टोप्या, ओढण्या, रिबिनी गरम पाण्यात धुवा. कंगवे कडक गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. प्रत्येक मुलीला स्वतःचा कंगवा, आणि शाळेत जाताना घट्ट वेण्या.

तीन गोष्टी कधीही नकोत. रॉकेल: डोक्याला लावलेलं रॉकेल चुलीजवळ पेटतं, नाकातोंडात गेलं तर फुफ्फुसाला सूज येते. सीताफळाच्या बियांची पूड: खेड्यापाड्यांत अजून लावतात, पण तिचा कण डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते, असह्य वेदना होतात, गेलीच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आणि शेतातलं किंवा ढेकणांचं औषध: यातून विषबाधा होते. मुलींचे केस जबरदस्तीने कापणं हाही उपचार नव्हे. त्याची गरज नसते आणि ती मुलगी तो दिवस विसरत नाही.

गजकर्ण आणि मेडिकलमधलं "मिक्स" क्रीम

गजकर्ण किंवा नायटा ही बुरशी. गोल चट्टा, कडा उंच, लाल, खवल्यांची, मधला भाग त्या मानाने साफ. जांघेत, कमरेवर, काखेत आणि चेहऱ्यावरही येतो. घाम, ओले कपडे आणि घट्ट नायलॉनची चड्डी यांनी तो फोफावतो, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात आणि मुंबईच्या दमट हवेत त्याचा सुकाळ असतो. मांजरीच्या पिल्लांपासून आणि गोठ्यातल्या वासरांपासूनही मुलांना होतो. केस गेलेले गोल डाग त्यांच्या अंगावर आहेत का ते बघा.

इथे उपचार बिघडतो तो बहुतेकदा दुकानात. खाजेचं क्रीम मागितलं की हातात येते बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली जाते, कारण स्टेरॉइडने कातडीची प्रतिक्रिया दबते. बुरशी मात्र पसरत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा दुप्पट होऊन येतो, मग पुन्हा तीच ट्यूब. काही महिन्यांत गोल कडा पुसट होतात, चट्ट्यात चट्टे दिसू लागतात, जांघेतली कातडी पातळ होऊन कायमचे व्रण पडतात. लहान मुलांच्या अंगात स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, म्हणून त्यांना धोकाही जास्त. भारतात गेल्या काही वर्षांत औषधांना दाद न देणाऱ्या गजकर्णाची जी लाट आली आहे, तिच्यामागच्या कारणांत हा गैरवापर त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड क्रीमवर नियम कडक केले. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ट्यूब घेताना घटकांची यादी वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एकही नाव असेल तर गजकर्णासाठी ती परत करा.

साध्या, नव्या, एक-दोन चट्ट्यांना क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम दिवसातून दोनदा लावतात. चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा, कारण बुरशी दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेली असते. बाहेरून आत चोळा. चट्टा गेला असं दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. टॉवेल, चड्ड्या, मोजे प्रत्येकाचे वेगळे. गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा, पावसाळ्यात इस्त्री फिरवा. अर्धवट वाळलेली चड्डी घालू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल किंवा चट्टे बरेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ.

डोक्यातलं गजकर्ण, ज्याला बऱ्याच ठिकाणी खवडे म्हणतात, हे वेगळं प्रकरण. केस तुटून गोल टक्कल पडतं, खवले धरतात, कधी मऊ, पू भरल्यासारखी सूज येते. क्रीम केसांच्या मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून औषध आठवडे न आठवडे घ्यावं लागतं. ती सूज गळू समजून कापू नका. वेळ घालवला तर त्या जागी केस पुन्हा येत नाहीत.

जंत

रात्री गुदद्वाराशी खाज येणारं मूल बहुधा सुतकृमींनी बेजार असतं. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखी, सुमारे एक सेंटिमीटरची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. मूल खाजवतं, अंडी नखांत जातात, नखं तोंडात. अंडी काही तासांतच लागण करण्याजोगी होतात आणि कपड्यांवर, अंथरुणावर दोन-तीन आठवडे टिकतात. तपासायचं तर मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीने पाहा, किंवा सकाळी शौचाला जाण्याआधी, धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराशी टेकवून काचपट्टीवर चिकटवा आणि प्रयोगशाळेत द्या; तीन दिवस लागोपाठ केलं तर सहसा सापडतात. नेहमीच्या शौचाच्या तपासणीत हे बऱ्याचदा दिसत नाहीत. दात खाणं किंवा गूळ-साखर जास्त खाणं यावरून जंतांचं निदान होत नाही.

अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला गोळी अख्खी कधीही देऊ नका, कुटून पाण्यातून द्या, घशात अडकू शकते. घरातल्या सर्वांना एकाच दिवशी, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. गरोदर स्त्रियांनी आणि एक वर्षाखालच्या बाळांसाठी आधी डॉक्टरांना विचारावं. त्या दोन आठवड्यांत नखं कापलेली, रात्री घट्ट चड्डी, उठल्याबरोबर आंघोळ, आणि अंथरूण झटकायचं नाही, गुंडाळून थेट धुवायला. झटकल्याने अंडी हवेत उडतात.

अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी गोळीही हीच. २०१५ पासून चालणारी ही मोहीम १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आहे, ठरलेल्या तारखा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट. स्थानिक वेळापत्रक अंगणवाडी सेविकेकडे विचारा. मोहिमेचा रोख गोल कृमी, अंकुश कृमी आणि चाबूक कृमींवर असतो, त्यासाठी सहा महिन्यांतून एक गोळी. सुतकृमींना मात्र ती एकच गोळी पुरत नाही, १४ दिवसांनंतरची दुसरी लागतेच. त्या दिवशी मुलाला ताप असेल तर गोळी पुढे ढकला, राहिलेल्या मुलांसाठी नंतर एक दिवस ठेवलेला असतो. गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी, विशेषतः ज्यांना जंत जास्त त्यांना, होऊ शकते आणि सहसा त्याच दिवशी थांबते. अंकुश कृमी अनवाणी पायांतून शिरतात आणि रक्त कमी करतात. म्हणून गोळीइतकीच चप्पल महत्त्वाची.

जे संसर्ग वाटतं पण नसतं, आणि एक चट्टा

गालांवर फिकट, किंचित खरखरीत चट्टे म्हणजे जंत, हा समज घरोघरी आहे. बहुतेक वेळा ती कोरड्या कातडीची तक्रार असते, संसर्गजन्य नसते आणि तेल किंवा मलईदार क्रीमने हळूहळू जाते. मोत्यासारखे, मध्ये खळगी असलेले छोटे दाणे विषाणूचे असतात; पसरतात, पण बरेचदा सहा ते अठरा महिन्यांत आपोआप जातात. ते नखाने फोडू नका, टॉवेल वेगळा ठेवा, शाळा बुडवू नका.

पण फिकट किंवा लालसर चट्ट्यावर खाज नसेल, तिथे घाम येत नसेल आणि मुलाने डोळे मिटल्यावर कापसाचा किंवा पिसाचा स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावर कुठलंही क्रीम लावत बसू नका. वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वाटही पाहू नका. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषधं दोन्ही तिथे मोफत आहेत.